बावीस कोटांचा आवाज

मास्तर कोट शिवायचे. शर्ट-पँट शिवणारे शिंपी त्या रस्त्यावर आणखी तिघे होते, पण कोट म्हटला की लोक मास्तरांच्याच दुकानाची पायरी चढायचे, कारण मास्तरांचा कोट अंगावर चढला की पोक आलेला माणूससुद्धा ताठ चालायला लागे. दुसरं म्हणजे, मास्तर तारखेचे पक्के होते. तारीख देताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघायचे, की न्यायाधीश निकाल सांगतोय असं वाटावं. ‘गुरुवार, सकाळी अकरा’ म्हणाले, की गुरुवारी अकराच्या ठोक्याला कोट इस्त्री करून, कागदात गुंडाळून तयार. गिऱ्हाईक साडेअकराला आलं तर उलट मास्तरांचंच तोंड आंबट व्हायचं.

बोलणं कमी. तोंडात सदानकदा टाचण्या धरल्यामुळे त्यांना कमी बोलायची सवय लागली असावी, असा लोकांचा समज होता. टाचण्या काढल्यावरही ते बोलत नाहीत, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. काजं-बटणं तिच्याकडे असायची. काजं करता करता दोघांच्या वाटणीचं बोलणंही ती एकटीच उरकून टाकायची.

दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे आणि दोहोंच्या मधे एक लांबट खोली. तीच बैठकीची, तीच झोपायची आणि तीच तयार कोट टांगायची. दोन्ही लांब भिंतींना छातीच्या उंचीवर लोखंडी दांड्या ठोकलेल्या होत्या. छत उंच, भिंतींना फिकट हिरवा ऑइल पेंट, खाली गुळगुळीत फरशी. हंगामात दोन्ही बाजूंनी कोट लटकायचे आणि मधे अरुंद वाट उरायची. पाहुणे आले, तर कोटांच्या बाह्या बाजूला सारून बसायचे. आपण घरात राहतो की गोदामात, असं बायको वर्षातून एकदा विचारायची आणि उत्तर मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे लगेच कामाला लागायची.

थंडी सुरू व्हायला महिना-दीड महिना होता, तेव्हा मुलीचा फोन आला. तिची नोकरी बदलली होती, नवी जागा एका खोलीची होती, आणि तिच्याकडचा स्टिरिओ तिथे मावत नव्हता. दोन दिवसांनी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून रेकॉर्ड-प्लेअर, ॲम्प्लिफायर, कमरेएवढे उंच दोन लाकडी स्पीकर आणि रेकॉर्डचं एक खोकं उतरलं. तोवर मास्तरांच्या कानाला दुकानातल्या फळीवरच्या एका छोट्या रेडिओचीच सवय होती. त्याचा घसा कधीचा बसलेला होता. पुरुष गायला काय आणि बाई गायली काय, रेडिओ दोघांनाही एकाच आवाजात गाऊन दाखवायचा.

मुलीने फोनवर सगळी जोडाजोड सांगितली आणि दोन्ही स्पीकरांच्या समोर बरोबर मधोमध बसून ऐकायला बजावलं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे. मास्तर जेवले, खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली आणि खोक्यातली हाताला लागली ती रेकॉर्ड लावली. मुखपृष्ठावर एका गायिकेचा बाजूने काढलेला फोटो होता. गाणं संथ होतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरी सुरू व्हायच्या आधी एक बारीकसा, हलका आवाज आला. मास्तर दचकले. त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा तोच आवाज.

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, “अगं, ती श्वास घेते.”

“मग काय करील बिचारी,” आतून उत्तर आलं.

पण मास्तरांना ते उत्तर ऐकूच गेलं नाही. रेडिओतली माणसं इतकी वर्षं त्यांच्या कानाशी गात होती, आणि त्यातल्या एकानेही कधी श्वास घेतलेला त्यांनी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून त्यांची वामकुक्षी सुटली. जेवण झालं की खुर्ची मधोमध, रेकॉर्ड तीच, आणि तिसऱ्या ओळीच्या आधी मास्तर स्वतःचा श्वास रोखून धरायचे, तिच्यात आपली लुडबुड नको म्हणून.

हे सुख महिनाभर टिकलं. मग थंडी पडली आणि दिलेल्या तारखा एकामागून एक येत गेल्या. डॉक्टरांचा कोट गेला, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा गेला, बँकेतल्या तिघांचे गेले. एका आठवड्यात दांड्या मोकळ्या झाल्या. बायकोने खोली धुऊन पुसून लख्ख केली आणि बऱ्याच दिवसांनी समोरची भिंत दिसली म्हणून ती खूश झाली. त्या दुपारी मास्तर खुर्चीत बसले, रेकॉर्ड लावली, आणि गायिका जणू न्हाणीघरात जाऊन गायला लागली. तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून, काहीतरी विसरल्यासारखा परत येत होता आणि तोवर निघालेल्या पुढच्या शब्दाला धडकत होता. तिसरी ओळ आली. श्वास नव्हता.

सेट बिघडला, असं मास्तरांनी धरलं. त्यांनी मुलीला फोन केला. आवाज जरा कमी ठेवा, असं ती म्हणाली. त्यांनी कमी ठेवला, तर गायिका लांबच्या न्हाणीघरात गेली. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, वायरींना इकडेतिकडे बोटं लावली आणि सेट ठणठणीत असल्याचं सांगितलं. जाताना तो मास्तरांच्या कानांकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. ती शंका मास्तरांच्याही मनात आली. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही कान साफ करून आले. त्यामुळे एवढंच झालं, की बायको स्वयंपाकघरात पुटपुटते ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं, आणि त्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

रविवारी मेव्हणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामाला होता. रोज शंभरेक घरांत डोकावत असल्यामुळे आपल्याला कुठल्याही विषयातलं कळतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याने रेकॉर्ड ऐकली, डोळे मिटले, मान हलवली आणि निदान केलं: स्पीकर चुकीच्या जागी आहेत. दोघांनी मिळून ते कोपऱ्यात ढकलले. त्याबरोबर गाण्यातला ढोल असा घुमायला लागला की स्वयंपाकघरातले पेले एकमेकांवर आपटून वाजू लागले आणि गायिका ढोलाखाली सापडली. मेव्हण्याला हे आवडलं. मास्तरांनी स्पीकर परत होते तिथे आणले.

पुढच्या रविवारी मेव्हणा करंगळीएवढ्या जाड वायरी घेऊन आला. बारीक वायरीतून आवाज चेंगरून येतो, असं त्याचं म्हणणं होतं. नव्या वायरींनी आवाजात काही फरक पडला नाही. फरक पडला तो बायकोला, कारण चहाचा ट्रे आणताना ती त्यांत अडखळली. त्याच्या पुढच्या रविवारी स्पीकरांखाली विटा आल्या. आणखी पुढच्या रविवारी स्पीकरांची तोंडं भिंतीकडे झाली, आणि शाळेत शिक्षा झालेल्या दोन मुलांसारखे ते पाठमोरे उभे असताना मास्तर समोर बसून राहिले.

“भाऊजी, थंडी आहे ना,” शेवटी मेव्हणा म्हणाला. “थंडीत आवाज आकसतो.”

मास्तरांनी उठून विटा काढल्या आणि स्पीकरांची तोंडं पुन्हा आपल्याकडे वळवली.

तेवढ्यात मोठं काम आलं. शहराच्या अग्निशमन केंद्राला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त जवानांचं संचलन होतं आणि त्यासाठी बावीस नवे कोट हवे होते. गडद निळं, जाडजूड लोकरीचं कापड, पुढे एकावर एक येणारी दुहेरी पाखं आणि पितळी बटणांच्या दोन रांगा. केंद्राचे साहेब स्वतः कापडाचे तागे घेऊन आले. बांधा दारात मावणार नाही असा आणि आवाज त्याहून खोल. संचलनाला अजून वेळ होता, पण त्याआधीचे पंधरा दिवस नवे कोट घालून सराव करायचा होता. मास्तरांनी कॅलेंडरकडे बघितलं. “शुक्रवार, सकाळी दहा,” त्यांनी निकाल दिला. साहेब निर्धास्त होऊन गेले.

मास्तर कामाला लागले. कापलं, कच्चे टाके घातले, माणसं बोलावून अंगावर घालून बघितलं, उसवलं, पुन्हा शिवलं. कोट होईल तसा दांडीवर जायचा. अठरावा कोट टांगला त्या दुपारी मास्तरांनी रेकॉर्ड-प्लेअरवरची धूळ पुसली आणि पुसलीच आहे तर म्हणून सुई टेकवली. गायिका न्हाणीघरातून बाहेर आली होती. दुसरी ओळ संपली, आणि तिने श्वास घेतला.

मास्तर ताडकन उठून उभे राहिले. दारात बायको होती, दातांत दोरा धरून. तिने दोरा तोडला आणि सहज म्हणाली, “कोट आले ना, म्हणून.”

मास्तरांना काही उमगेना. मग तिने स्वयंपाकघरात उभं राहून एक टाळी वाजवली, खोलीत कोटांमधे उभं राहून दुसरी वाजवली. पहिली ठणकन वाजली, दुसरी मऊ पडली. रिकामा डबा वाजतो, भरलेला वाजत नाही, खोलीचंही तसंच असणार, एवढं सांगून ती बटणं लावायला बसली. चार रविवार मेव्हण्याने खर्ची घातलेलं कोडं तिने दोन टाळ्यांत सोडवलं होतं, आणि तिला त्याचं काही विशेषही वाटलं नाही.

पण मास्तर पडले माप घेणारे. बावीसही कोट तयार झाल्यावर, गुरुवारी दुपारी, त्यांनी खडू हातात घेतला. एकेक कोट उचलून ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवत, परत येऊन तिसरी ओळ ऐकत आणि भिंतीवर रेघ ओढत. सोळा कोट उरेपर्यंत श्वास स्पष्ट होता. पंधरापासून तो विरळ व्हायला लागला. अकरा कोट उरले तेव्हा तो पार नाहीसा झाला. तिकडे स्वयंपाकघरात एक कोट पिठाच्या डब्यावर, दोन दाराच्या कडीला, बाकीचे ढीग लावून ओट्यावर अशी स्थिती होती. संध्याकाळचा स्वयंपाक कुठे करायचा, असं बायकोने विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “सोळा तरी लागतातच.”

कोटांऐवजी दुसरं काही चालतं का, तेही त्यांनी करून बघितलं. कपाटातले शर्ट टांगले, त्यांच्याने काही झालं नाही. घरात दोन घोंगड्या होत्या, त्या टांगल्यावर जेमतेम चार कोटांचं काम झालं, आणि रात्र पडायच्या आत बायकोने त्या काढून नेल्या. मग मास्तर दांडीपुढे उभे राहिले. बावीस कोट, खांद्याला खांदा लावून, पितळी बटणं चमकवत लटकले होते. उद्या शुक्रवार होता.

शुक्रवारी सकाळी दहाला केंद्रावरून फोन आला. गाडी पाठवू का, असं विचारत होते. मास्तरांनी फोन धरला, एकदा खोलीकडे बघितलं आणि आयुष्यातली पहिली थाप मारली.

“बटणं यायची आहेत.”

त्या वेळी बायको समोरच बसली होती आणि उरलेल्या पितळी बटणांचा डबा तिच्या मांडीवर होता. तिने वर बघितलं. मास्तरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि फोन खाली ठेवला. त्यांचे कान कानशिलापर्यंत लाल झाले होते. दुपारी मात्र ते खुर्चीत बसले, आणि श्वास इतका छान ऐकू आला की आणखी दोनच दिवस, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सोमवारी पुन्हा फोन आला. बटणं आली, पण अस्तर आटलं, असं मास्तरांनी सांगितलं. अस्तर कपाटात आटत नसतं हे त्यांना कळत होतं, पण पलीकडच्या माणसाला कळत नसावं. बुधवारी फोन वाजला तेव्हा मास्तर उचलायला धजेनात. त्यांनी बायकोला खूण केली. तिने फोन उचलला, “हो, मास्तर आहेत, पण ते सध्या खोटं बोलतायत, तेव्हा तुम्ही स्वतःच या,” असं सरळ सांगितलं आणि ठेवून दिला. तिने त्यांना समजावलंही नाही आणि सुनावलंही नाही. फक्त रात्री जेवताना म्हणाली, की आजवर तुमचा अबोला सहन केला तो एवढ्यासाठी, की माणूस बोलत नाही पण बोलतो ते खरं बोलतो.

उद्याच कोट पोचवून टाकू, असं मास्तरांनी ठरवलं. उद्या उजाडला, दुपार झाली, एकदा शेवटचं ऐकून घेऊ म्हणून ते बसले, आणि गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी दुपारी अडीचला रेकॉर्ड चालू असताना रस्त्यावर घंटा वाजू लागली. घंटा जवळ आली, आणखी जवळ आली आणि मास्तरांच्या दारात थांबली. दारात आगीचा बंब उभा होता. त्याच्यावर, आत आणि मागे मिळून बावीस जवान, आणि पुढे साहेब. साहेबांना तातडी नव्हती, सरावाला जाता जाता वाटेत थांबले होते इतकंच. पण रस्त्याला हे कोण सांगणार? समोरचा औषधवाला हातात वाळूची बादली घेऊन धावत आला आणि कुठे ओतायची ते न कळल्यामुळे तसाच उभा राहिला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून आपलं मांजर टोपलीत घालून दोरीने खाली सोडलं. मांजर अर्ध्या वाटेत टोपलीतून उडी मारून बंबावर बसलं आणि तिथून हलेना.

साहेब दुकानातून थेट आतल्या खोलीत आले. बावीस कोट समोर होते. शिवलेले, इस्त्री केलेले, बटणांसकट. साहेबांनी सगळ्यांत जवळच्या कोटाचं एक बटण बोटांत धरलं.

“आली की बटणं, मास्तर.”

मास्तरांनी रेकॉर्डवरची सुई उचलली. मग त्यांनी, बायको नंतर सांगायची त्याप्रमाणे, तीस वर्षांत बोलले नसतील एवढं सलग बोलून टाकलं. कोट गेल्या आठवड्यात गुरुवारीच तयार झाले, बटणं खोटी, अस्तर खोटं, थंडीत दांड्या रिकाम्या झाल्या की आवाज भिंतीवरून परत येतो, सोळा कोट असले की बाईचा श्वास ऐकू येतो, अकरा उरले की जातो, भिंतीवर रेघा आहेत त्या बघा. भिंतीवर रेघा खरोखरच होत्या. साहेबांनी त्या एकेक करून बघितल्या. दारात गर्दी करून उभे असलेले जवान हसू दाबत होते. साहेब हसले नाहीत.

“धुरात समोरचा हात दिसत नाही,” ते म्हणाले. “आत कुणी अडकलंय का, ते आम्ही बघत नाही, ऐकतो. सगळे गप्प उभे राहतो आणि श्वास ऐकतो. तेव्हा तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. पण मास्तर, उद्या तुमच्याकडे आग लागली, तुम्ही फोन केला, आणि बटणं यायची आहेत असं आम्ही सांगितलं तर?”

बायकोने आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. एवढ्या माणसांना कप कुठून आणायचे या काळजीत ती होती.

साहेबांनी हुकूम सोडला आणि जवान एकेक करून आत येऊन आपापला कोट चढवायला लागले. मास्तरांमधला शिंपी लगेच जागा झाला. एवढी नामुष्की झालेली असूनही ते प्रत्येकाच्या मागे फिरून खांदे बघत होते, बाही खेचत होते, एकाला पोट आत घे म्हणून सांगत होते. बावीसही जवान कोट घालून उभे राहिले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मास्तरांची खुर्ची साहेबांना मिळाली. त्यांनी हात जरा वर केला.

“लावा बघू.”

मास्तरांनी सुई टेकवली. बावीस माणसं, बावीस जाड कोट, आणि गायिका त्यांच्या अगदी मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या ओठांचा उघडमीट कळत होता. बोटं तारेवरून सरकल्याची चाहूल येत होती. मास्तरांनी एवढ्या दिवसांत ऐकलं नव्हतं असं काय काय ऐकू येत होतं. दुसरी ओळ संपली. सगळे थांबले. तिने श्वास घेतला, आणि मागच्या रांगेतला सगळ्यांत आडदांड जवान हळूच म्हणाला, “आहे, जिवंत आहे.” तेव्हा मात्र साहेबसुद्धा हसले.

गाणं झालं, पाळीपाळीने चहा झाला, बंबावरून मांजर उतरवलं गेलं. मग घंटा वाजवत सगळे निघून गेले, अंगावर कोट घेऊनच. औषधवाल्याने आपली बादली परत नेली. मास्तर खोलीत आले तर दोन्ही दांड्या मोकळ्या होत्या आणि त्यांच्या चपलांचाही आवाज घुमत होता. त्यांनी सेटवर फडकं घातलं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. कुणी ‘कधी मिळेल’ विचारलं की ते पूर्वीसारखेच कॅलेंडरकडे बघायचे, पण निकाल देताना आवाज जरा खाली यायचा.

संचलनाला दोघंही गेले. गर्दीत मागे उभं राहून मास्तरांनी कोट बघितले. चाल, वाद्यं, भाषण यांतलं त्यांना काही आठवत नाही. दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या माणसाची कॉलर डावीकडे सुताभर वर होती, एवढं मात्र त्यांच्या मनाला लागून राहिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी बंब पुन्हा दारात आला, या वेळी घंटा न वाजवता. त्यातून दोन जवानांनी मोठमोठी गाठोडी उतरवली. नवे कोट मिळाल्यावर जुने रद्द झाले होते, आणि रद्द झालेले कोट जाळून टाकायचे असा नियम होता. आग विझवणाऱ्यांनी स्वतः होऊन कोट जाळावेत हे साहेबांना कधीच पटलं नव्हतं. त्यांनी बावीसचे बावीस जुने कोट मास्तरांकडे पाठवले होते. सोबत चिठ्ठी होती, ‘हे परत मागणार नाही.’

कोट भरपूर जाड होते आणि त्यांना पन्नास नाही तरी दहा-बारा वर्षांच्या आगींचा वास होता. बायकोने ते अंगणात नेऊन तीनतीनदा धुतले, उन्हात टाकले, झटकले. वास थोडा कमी झाला, गेला नाही. दांड्यांवर कोट चढले त्या दिवशी संध्याकाळी वरच्या आजींना धुराचा वास आला आणि त्यांनी अग्निशमन केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसाने पत्ता विचारला, टिपून घेतला, आणि मग शांतपणे सांगितलं, “काळजी नको आजी, तो वास आमचाच आहे.” आजींची पुरती खात्री पटली नाही. पुढचे कितीतरी दिवस टोपली त्यांनी गॅलरीतच ठेवली होती.

गायिका परतली. साहेब अधूनमधून रविवारी दुपारी येतात, खुर्चीत बसतात, एक बाजू ऐकतात आणि जातात. मेव्हणाही असतो. जाड वायरी मुरायला वेळ लागतो, आता मुरल्या, असं तो साहेबांना समजावून सांगतो. साहेब त्याला एकदाही अडवत नाहीत. विझलेल्या आगीवर ते पाणी मारत नसावेत.

मास्तरांना मात्र जुन्या कोटांकडे नुसतं बघत बसणं जमेना. एकाची बाही जळलेली, एकाचं अस्तर लोंबतंय, एकाला चार बटणं कमी. ऐकता ऐकता ते एकेक मांडीवर घ्यायला लागले. कुणी घालणार नाही अशा कोटांना नवं अस्तर लावणारा शिंपी बायकोने दुसरा बघितला नव्हता, पण त्यानिमित्ताने तीही काजं दुरुस्त करायला तिथेच येऊन बसू लागली. एवढे महिने तिने ते गाणं स्वयंपाकघरातून, कामाच्या नादात ऐकलं होतं. एके दुपारी तिने पहिल्यांदाच ते पुरतं, हातातली सुई थांबवून ऐकलं. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी धडपड कशासाठी होती ते हिला आता तरी कळेल, असं त्यांना वाटत होतं.

गाणं संपलं. बायकोने सुईत दोरा ओवला.

“सर्दी झालीय तिला,” ती म्हणाली.

मास्तरांनी रेकॉर्ड पुन्हा लावली. तिसऱ्या ओळीच्या आधीचा श्वास त्यांनी कान देऊन ऐकला. त्याच्या शेवटी, अगदी बारीक, नाक ओढल्यासारखा एक आवाज होता. होताच. बाईला त्या दिवशी चांगलीच सर्दी झाली होती, आणि तशातही ती उभी राहून गायली होती.

त्यानंतर मास्तरांना दुसरं काही ऐकूच येईना. सूर जातो, शब्द जातात, कान बसतात ते त्या नाक ओढण्यापाशी. सात-आठ कोट काढून बघावेत का, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण काढवेना. रेकॉर्ड लावायच्या आधी, गार वारा येतो म्हणून, खोलीची खिडकी मात्र ते आता न चुकता बंद करून घेतात.